डाव्या पायाचं काम

आबांचा धंदा असा होता की चारचौघांत कुणी विचारलं की त्यांची लेक अजूनही विषय बदलते. फिरते संडास भाड्याने देणे. आबांना स्वतःला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नसे. "लग्न असो, बांधकाम असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा असो," ते म्हणत, "शेवटी सगळे पाहुणे माझ्याकडेच येतात." शहराबाहेर एक पत्र्याची शेड, तिच्यामागे मोकळी जागा, जागेत रांगेने उभ्या चाळीस निळ्या केबिनी आणि एक डिझेल पिकअप, एवढा सगळा पसारा. लेकीने लग्न केलं ते दातांच्या डॉक्टरशी. बोलणी पक्की झाली तेव्हा आबा व्याह्यांसमोर म्हणाले, "चला, आता घरात दोन्ही टोकांची सोय झाली." व्याही हसले नाहीत. जावई हसला, पण घाईघाईने, कुणी बघत नाही ना ते पाहून.

पिकअप ऑटोमॅटिक होती आणि हे आबांचं मोठं दुखणं होतं. चाळीस वर्षं त्यांनी हाताने गियर टाकले. मग डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला, आणि लेकीने हट्टाने ही गाडी घ्यायला लावली. आबा तिला 'झोपाळा' म्हणत. "बसा आणि हला, दुसरं काय आहे तिच्यात?" असं म्हणत ते रोज चालवत मात्र तीच.

तर एका मंगळवारी, मागे ट्रेलरवर सहा केबिनी लादलेल्या असताना, भर चढावर झोपाळा हलायचा थांबला. इंजिन बोंबलत होतं, काटा वर चढत होता, आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाजूने एक सायकलवाला पुढे गेला. मग कुत्र्याला फिरवायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ पुढे गेले. त्यांनी खिडकीत डोकावून आपुलकीने विचारलं, "काही मदत हवी का?" आबांनी काच वर केली.

गियरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या गॅरेजवाल्याने तेल मोजायची दांडी उपसली, तेल बोटांवर चोळलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. लालबुंद असायला हवं ते तेल काढ्यासारखं काळं झालं होतं आणि त्याला जळका वास येत होता.

"आतल्या क्लच प्लेटा गेल्या," तो म्हणाला. "अख्खी गियरपेटी बदलू. मागवायला दीड महिना."

"आणि उघडून दुरुस्त केली तर?"

"आम्ही उघडत नाही आता. बदलतो."

"मग गॅरेज कशाला म्हणता? दुकान म्हणा," असं म्हणून आबा गाडी टोचण लावून शेडवर घेऊन आले.

दीड महिना थांबणं शक्यच नव्हतं. बरोबर एकोणीस दिवसांनी, रविवारी, शहरात लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत होती. तीन हजार माणसं, सगळ्यांनी पहाटेपासून पोटात लिटरभर पाणी ओतलेलं, आणि सोय करणारे एकटे आबा. भाड्याची गाडी आणावी तर उपसायची टाकी आणि पंप याच पिकअपवर पक्के बसवलेले, आणि टाकीत काय भरणार हे ऐकल्यावर गाडीवाले फोन ठेवून देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शेडवर हजर झाला. त्याच्या दवाखान्यात नव्या फरशा बसत होत्या, त्यामुळे तीन आठवडे तो रिकामा होता. डोक्यावर भिंगाचा चष्मा, हातात हातमोज्यांचा खोका, काखेत चारशे पानांचं पुस्तक, पुस्तकाला रंगीत चिकटपट्ट्या.

"आबा," तो हळूच म्हणाला, "आपण उघडू या का?"

"डॉक्टर, तुम्ही गाडी कधी उघडली आहे का? बॉनेटसुद्धा?"

"गाडी नाही. पण नळ्या आणि भोकं बारीक असतात, घाण चिकटलेली असते आणि मालक घाबरलेला असतो. यात माझा हात बसलाय."

आबांना हे उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "टाकी आधी धुऊन घ्या," एवढंच म्हणाले. जावयाने ती तीनदा धुतली आणि चौथ्यांदा दवाखान्यातलं औषध टाकून धुतली.

पेटी खाली उतरवायला दोन दिवस लागले. मागचा दांडा सोडवला, वायरींचे खटके काढले, तेलाच्या नळ्या काढल्या. आबा खाली झोपून पाना फिरवायचे आणि इंजिनाच्या आईबापांचा उद्धार करायचे. जावई प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहून पुड्या बांधायचा. शेवटी जॅकवर पेटी खाली आली. तिच्या तोंडाशी बसलेला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पेटीत पोचवणारा तो जाडजूड गोल डबा, आबांनी दोन्ही हातांनी ओढून काढला. गाडीला क्लचचं पेडल नसतं ते याच्याच जिवावर. आबांनी बघितल्या बघितल्या त्याचं नाव भोपळा ठेवलं.

आता कामाला आबांची बायकोही लागली. ती बाई मुळात शेडचा सगळा कारभार बघायची. फोन घ्यायची, तारखा लावायची, गिऱ्हाइकांना झापायची. जावयाने पेटीच्या पोटातला चक्रव्यूह उघडला, म्हणजे तेल इकडून तिकडे धाडणारी ती बारीक नाल्यांची थाळी, तेव्हा त्यातून निघालेले छर्रे तिने वाटीत घेतले, मोजले आणि वर ताटली झाकली. मग परातीत रॉकेल घेऊन ती एकेक भाग धुवायला बसली. जावई दात साफ करायच्या आकड्याने नाल्यांतला गाळ खरवडत होता. मधूनच सवयीने म्हणायचा, "दुखलं तर हात वर करा."

शुक्रवारी दुपारी क्लच प्लेटा बाहेर आल्या. जावयाने त्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या, चष्मा खाली ओढला आणि एकेक निरखून पाहिली. प्लेटांवरचं अस्तर कोळशासारखं काळं पडून गळत होतं. मधल्या लोखंडी चकत्या निळ्या पडल्या होत्या. भोपळाही एका बाजूने निळसर झाला होता.

"ओझ्याने झालं," आबा म्हणाले. "सहा केबिनी काय गंमत आहे?"

"ओझ्याने एवढा ताप नाही होत, आबा. हे बघा काय लिहिलंय." त्याने हिरवी पट्टी लावलेलं पान काढलं. "गाडीला एकाच वेळी रेसही दिली आणि ब्रेकही दाबला, की सगळी ताकद आतल्या आत तेल तापवते. असं कुणीतरी पुन्हा पुन्हा केलंय. महिनोन् महिने."

"दोन्ही एकदम? असा कोण गाढव असेल?" आबांनी विचारलं आणि मग त्यांची नजर जावयावर स्थिरावली. "डॉक्टर, तुमची ती दाताची खुर्ची हलवायला गाडी तुम्हीच नेली होती ना?"

"एकदाच नेली. दोन किलोमीटर."

"दोन किलोमीटर पुरतात माणसाला! दुसरं कोण बसतं या गाडीत? मी आणि तुम्ही. आणि माझा डावा पाय तर वाकतही नाही!"

जावई लाल झाला. त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात परातीतून आवाज आला.

"डॉक्टरांना कशाला बोलताय? मी होते."

बायको मान वर न करता एक दातेरी चाक घासत होती.

"तू काय होतीस?"

"तो गाढव."

तिने चाक रॉकेलमध्ये बुडवलं आणि पुन्हा घासायला घेतलं.

"तुम्ही दुपारी जेवून दीड तास घोरता," ती म्हणाली. "त्या वेळात मी चालवायला शिकते. आठ महिने झाले. आधी मागे, केबिनींच्या मधून. मग बाहेरच्या रस्त्यावर. शिकाऊ लायसन काढलंय रीतसर. शेजारी आपली लेक बसते."

"लेकीला माहीत आहे?"

"तिला माहीत आहे, सामानवाल्याला माहीत आहे, समोरच्या पंक्चरवाल्याला माहीत आहे. पक्क्या लायसनसाठी दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा नापास. परीक्षक म्हणाला, बाई, दोन्ही पाय एकदम वापरू नका. मला वाटलं, हा काय वेड्यासारखं बोलतोय? दोन पेडलं आहेत, दोन पाय आहेत. एकेकाला एकेक. डाव्याने नुसतं बसून काय करायचं?"

जावयाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. आबांना हसू आलं नाही. त्यांना राग आला होता, पण प्लेटांचा नाही हे त्यांचं त्यांनाच कळत होतं, आणि त्यामुळे तो आणखी वाढत होता.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "मी शिकवलं असतं."

"म्हणून तर नाही विचारलं."

"म्हणजे?"

"शिकवलं होतंत की एकदा. लग्नानंतर दोन वर्षांनी, त्या जुन्या टेम्पोवर."

आबांना ती गोष्ट चांगलीच आठवत होती. पाहुणे आले की ते ती रंगवून सांगत. हिने क्लच असा सोडला की टेम्पोने बेडकासारख्या तीन उड्या मारल्या, मग ही रुसून खाली उतरली आणि चालत घरी गेली, आणि आपण टेम्पो मागे मागे हळूहळू चालवत हॉर्न वाजवत होतो. दर वेळी हशा पिकायचा. बायकोही चहाचा ट्रे घेऊन हसायची, असं आबांना आजवर वाटत होतं.

"चार किलोमीटर चालले," ती म्हणाली. "पोटात आपली लेक होती, तिसरा महिना. तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगणार होते." तिने चाक फडक्याने कोरडं केलं आणि ओळीत ठेवलं. "तुम्ही मागून हॉर्न वाजवत होतात."

आबा उठले. ते शेडच्या बाहेर जाऊन एका केबिनीत शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. अर्धा तास आत बसले. ती केबिन वापरायची नव्हती, नुसती ठेवलेली होती, पण जावयाला ते सांगायला जायची हिंमत झाली नाही.

नव्या प्लेटा बुधवारी आल्या. त्या रात्रभर तेलात भिजवाव्या लागतात, तशा भिजवल्या. त्या आठवड्यात आबा कामापुरतं बोलले. "पाना." "धरा." "तिकडचा." बायकोशी तेवढंही नाही. ती मात्र नेहमीसारखी फोनवर गिऱ्हाइकांना झापत होती आणि मधल्या वेळात वाटीतले छर्रे एकेक करून जावयाच्या चिमट्यात देत होती. सगळे छर्रे आपापल्या खड्ड्यात बसले. जावयाने प्रत्येक क्लचच्या पोटात हवा सोडून तो दाबतो का ते तपासलं. 'ठप्' असा आवाज आला की तो मान डोलवायचा. पाचव्या 'ठप्'ला आबांनीही डोलवली, मग आपण रुसलोय हे आठवून थांबवली.

सोमवारी पेटी परत चढवायची होती. शर्यत सहा दिवसांवर आली होती आणि बायकोची तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. ती तारीख तिने तोंडाने सांगितली नव्हती, पण भिंतीवरच्या तक्त्यावर कामांच्या रांगेत लिहिली होती. 'शुक्रवार, मी.' एवढंच.

भोपळा पेटीत बसवला, पेटी जॅकवर उचलली, पुढे सरकवली. इंजिनाला टेकायला बोटभर जागा उरली आणि तिथेच अडली.

"बोल्ट लावा आणि ओढा," आबा म्हणाले. "येईल जागेवर."

"नाही, आबा. भोपळा पूर्ण आत गेलेला नाही."

"डॉक्टर, लोखंड आहे ते. बोल्टाने ओढलं की येतं. चाळीस वर्षं ओढतोय मी."

"तसं ओढलं तर आतला पंप फुटेल. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक गेलं खड्ड्यात! सरका बाजूला! माझी गाडी आहे, मला अक्कल..."

"आबा, तोंड बंद करा!"

आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणणाऱ्या माणसाच्या गळ्यातून हा आवाज निघाला. कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. पाना आबांच्या हातातच राहिला.

"तुम्ही जोर लावता," जावई बोलत राहिला, कारण आता थांबलो तर पुन्हा सुरू होता येणार नाही हे त्याला माहीत होतं. "जिथे अडतं तिथे तुम्ही जोर लावता आणि वरून ओरडता. ते अडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय. जरा हात मागे घेऊन ऐकायला काय जातं?"

तो भोपळ्याबद्दल बोलत होता. आबा गाडीखाली आडवे पडून, छातीवर पाना ठेवून, वर बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. गाडीच्या बाजूने बायकोच्या चपला दिसत होत्या. चपला हलल्या नाहीत.

"खाली घ्या," आबा म्हणाले.

पेटी खाली घेतली. जावयाने भोपळ्याला दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवलं, पुढे दाबलं, पुन्हा फिरवलं. काही होईना. "मला बघू द्या," आबा म्हणाले, पण या वेळी विचारल्यासारखं. त्यांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांची बोटं होती ती, दाते जुळतात कुठे ते त्यांना कळायचं. फिरवता फिरवता भोपळा एकदा आत घसरला. टक. अजून थोडा फिरवला, पुन्हा टक. आबांनी श्वास रोखून केसभर मागे फिरवला आणि तो तिसऱ्यांदा असा मुकाट्याने आत गेला की जावई टाळ्या वाजवायच्या बेतात आला.

पेटी बोटाने ढकलल्यासारखी इंजिनाला जाऊन भिडली.

संध्याकाळी तेल भरून गाडी चालू केली. जावयाने दांडी काढून तेल बघितलं. लाल, स्वच्छ. सगळे गियर एकेकदा टाकून बघितले. मग तिघेही गाडीभोवती उभे राहिले आणि कुणीच दार उघडेना. आबांनी किल्ली खिशातून काढली, हातात खेळवली आणि बायकोपुढे धरली.

"शुक्रवारी परीक्षा आहे ना?" ते म्हणाले. "सराव नको?"

"तुम्ही बसणार शेजारी?"

"नियमच आहे. लायसनवाला लागतो."

"एक शब्द बोललात तर उतरवेन."

"एकच बोलू दे. आत्ता, गाडी उभी असताना."

तिने हाताची घडी घातली आणि वाट पाहिली. आबांनी घसा साफ केला. बराच वेळ केला. जावई उगाच टायरची हवा बघायला खाली वाकला.

"त्या दिवशी हॉर्न वाजवायला नको होता," आबा म्हणाले.

"हे एक शब्दापेक्षा जास्त झालं," ती म्हणाली आणि किल्ली घेतली. बसल्यावर तिने डावी चप्पल काढून सीटखाली सरकवली आणि पाय मांडीखाली दुमडून घेतला. आबा बाजूला चढले, खिडकीवरची मूठ धरली आणि ओठ मिटले. जावई मागे टाकीला धरून उभा राहिला, कारण आवाज ऐकायचा होता आणि कारण त्याला आत कुणी बोलावलं नव्हतं.

गाडी फाटकातून निघाली, चढाला लागली. पहिला गियर गेला, दुसरा आला, कळलंसुद्धा नाही. वळणावर तिने जरा रुंद घेतलं आणि आबांचे गुडघे आपोआप आखडले. त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होता. पण तोंडातून काही निघालं नाही. माथ्यावर पोचल्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"बरे आहात ना?"

आबांनी मान हलवली. बोलायची परवानगी मिळाली की नाही, याचा त्यांना अजून अंदाज येत नव्हता.

शुक्रवारी ती पास झाली. परीक्षकाने म्हणे तिच्या पायांकडेच नजर लावून ठेवली होती. शनिवारी दिवसभर तिने आणि आबांनी पाळीपाळीने तीस केबिनी मैदानावर नेल्या, आणि शेवटची खेप तिचीच होती. जावई ट्रेलरच्या मागे उभा राहून हातवारे करत होता. दवाखाना मंगळवारी उघडणार होता, पण त्याने आबांच्या लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं की यापुढे रविवारी त्याला शेडवर काम असतं.

रविवारी पहाटे धावणारे लोक निळ्या दारांपुढे रांगा लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. शर्यतीचा संयोजक गळ्यात शिट्टी अडकवून धावत आला. पिकअप बरोबर सुरुवातीच्या रेषेवर उभी होती, आणि बायको आत बसून फोनवर कुणाला तरी तारीख देत होती.

"अहो, ड्रायव्हरला सांगा ना गाडी जरा मागे घ्यायला!"

आबांनी गाडीकडे पाहिलं. मग संयोजकाकडे.

"तुम्हीच सांगून बघा," ते म्हणाले. "आणि ती शिट्टी वाजवू नका. हळू बोलून बघा."